माझ्या नावावरची पुस्तकं

७ मार्च १९९३, रविवार

मॅडम म्हणाल्या, रोज अर्धं पान लिहा. काहीही लिहा, मी तपासणार नाही, नुसता हात सुटू द्या. म्हणून लिहितोय. परीक्षा हिंदीत आहे, या शहरात सगळंच हिंदीत, पण तपासायचंच नाही तर मराठीत का नको?

पण लिहू काय? सेहेचाळीस वर्षांचा घोडा. चोवीस वर्षं लूमवर उभा राहिलो, पेन हातात घेतला तो पगाराच्या सहीपुरता. तुटलेल्या धाग्याला डोळे मिटून गाठ मारीन, पण आज फळ्यावरचं उतरवताना घाम फुटला.

वर्गात आम्ही एकवीस जण, सगळे बंद मिलचे. बाकं कॉलेजच्या पोरांची, आमचे गुडघे अडकतात. संताजी माझ्या शेजारी बसला आणि अर्ध्या तासात घोरायला लागला. त्यानंच मला यात ओढलं. मजूर कल्याणवाल्यांनी मिलच्या टिकटवाल्यांना, म्हणजे हजेरीचं टिकट असलेल्या पक्क्या कामगारांना, फी माफ केली — मुक्त विद्यापीठ, आठवी पास चालतो, पुस्तकं पोस्टानं घरी, दर रविवारी वर्ग, जूनमध्ये परीक्षा. पास झालं की सरळ बीएला घेतात. "फुकट आहे भिया, घेऊन टाक," म्हणाला. घेऊन टाकलं.

बीए होऊन मी काय करणार ते कुणी विचारू नये.

१० मार्च

पोस्टातून गठ्ठा आला. खाकी कागद, वर छापलेलं — श्री नरेंद्र नथू इंगळे. माझ्या नावानं घरी कधी काही येत नाही. मिल बंद झाल्याची नोटीससुद्धा गेटवर लावली होती, सगळ्यांची मिळून एक.

दहा पुस्तकं निघाली, पातळ पातळ. बायको, कौसल्या, नुकतीच नमकीनच्या कारखान्यातून आली होती, हाताला बेसन तसंच. म्हणाली, "आता हे ठेवायचं कुठे?" पोरगी, संबोधी, कोपऱ्यात होती. साडीला फॉल लावत होती, सुई साडीतच सोडली आणि वरचं पुस्तक उचललं. भाकरी होईस्तोवर उभ्याउभ्या वाचत होती.

पोरीला अठरावं चालू आहे. एकच लेकरू आमचं. दहावीत शाळेत दुसरी आली होती. अकरावीत होती तेव्हा मिल बंद पडली, आणि बारावीचा फॉर्म मी भरला नाही. मी भरला नाही — दुसऱ्या कुणाचं नाव घेण्यात काय मतलब? तिनं एक शब्द काढला नाही. रडली असती, भांडली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी शेजारणीकडून फॉल लावायच्या साड्या घेऊन आली.

१५ मार्च

पाठ दुखते. काही सुचत नाही.

१९ मार्च

दिवसभर कपडा मार्केटात गाठी उचलल्या. गाठी भिवंडीच्या, सुरतच्या. आमच्या मिलचा एक तागा आता बाजारात दिसत नाही. शेठ म्हणतो, "अब तो पूरी दुनिया का माल आएगा इंगले, तुम्हारी मिल क्या चीज़ है." खरं बोलतो, म्हणून जास्त राग येतो.

घरी येऊन पुस्तक उघडलं. पहिल्याच पानावर डोळा लागला. जागा झालो तर पुस्तक संबोधीच्या हातात. दहापैकी तिसरं संपवत होती.

"बाबा, यात तुमच्याबद्दल लिहिलंय."

"माझ्याबद्दल?"

"मतलब, मिला का बंद पडतात ते."

मी म्हणालो, ते मला पुस्तकातून कशाला कळायला पाहिजे. ती हसली. फार दिवसांनी हसली.

२८ मार्च, रविवार

असाइनमेंट दिली. पाच प्रश्न, उत्तरं घरी लिहायची, तीन आठवड्यांनी जमा करायची. पहिला प्रश्न तीनदा वाचला. शब्द सगळे ओळखीचे, पण एकत्र आले की काही कळत नाही. रविवारशिवाय वेळ कुठे आहे? सकाळी आठला मार्केट, संध्याकाळी पाठ धरलेली.

मग सुचलं. मिलमध्ये कुणी आजारी पडला, कुणाच्या घरी लग्न निघालं, की त्याच्या लूमवर बदलीवाला उभा राहायचा. लूम थांबता कामा नये, बस. त्यात लपवाछपवी नाही की लाज नाही. मी स्वतः पहिली पाच वर्षं बदलीच होतो.

संबोधीला म्हटलं, "माझी बदली कर."

"चालतं का बाबा?"

"मिलमध्ये चालायचं."

तिनं वही ओढून घेतली. मी विचारायची वाट बघत होती बहुतेक.

१४ एप्रिल

सकाळच्या बसनं तिघं महूला गेलो. बाबासाहेबांना वंदन केलं. माझा बाप तिथे पलटणीत होता, त्यामुळे गेलं की घरी आल्यासारखं वाटतं. गर्दीत पाय ठेवायला जागा नव्हती. पुस्तकांच्या दुकानांपुढून संबोधीला ओढून आणावं लागलं. कौसल्या म्हणाली, "घ्यायचं नाही तर बघायचं कशाला?" पोरगी म्हणाली, "बघायला फी आहे का?"

१८ एप्रिल, रविवार

असाइनमेंट जमा केली. बारा पानं, मोत्यासारखं अक्षर, वर माझं नाव. संताजीनं त्याच्या भाच्याकडून लिहून आणली. भाच्याचं अक्षर वाईट आहे, मी त्याला तसं सांगितलं. उगाच छाती फुगली होती माझी.

२५ एप्रिल, रविवार

आज फजिती झाली. नीट लिहून ठेवतो.

मॅडमनी कागद परत दिले. माझ्यावर लाल शाईनं 'ए'. पूर्ण वर्गात एकट्याला. खाली लिहिलेलं, 'बहुत सुलझा हुआ उत्तर. आगे अवश्य पढ़िए.' मग मला उभं केलं. म्हणाल्या, "नरेंद्रजी, तीसरा सवाल सबको बोर्ड पर समझाइए." हातात खडू दिला.

मी तिसरा प्रश्न वाचलासुद्धा नव्हता. खोटं कशाला बोलू? म्हटलं, "मैडम, मुझे नहीं आता. ये मेरी बदली ने लिखा है."

वर्गात कुणी हसलं नाही. त्यांना त्यात हसण्यासारखं काही वाटलंच नाही. संताजी तर उठून म्हणाला, "हाँ मैडम, इनकी लड़की बहुत होशियार है." मॅडमनी खडू माझ्या हातातून काढून घेतला. मग विचारलं, "और किस-किस ने बदली लगाई है?" माझ्यासकट नऊ हात वर झाले. सरळ मनानं, हजेरीला करतो तसे.

मॅडम खुर्चीवर बसल्या. त्यांचा चेहरा बघून आम्हाला हळूहळू कळायला लागलं, की काहीतरी मोठी गडबड झाली आहे.

वर्ग सुटल्यावर मला थांबवलं. तेव्हा मराठीत बोलल्या. शोभना मॅडम मराठी आहेत ते मला आजच कळलं. "नरेंद्रजी, याला नक्कल म्हणतात. मी वर कळवलं तर नऊ जणांची नावं कापली जातील."

मी म्हटलं, आम्हाला ठाऊक नव्हतं. आमच्यात काम महत्त्वाचं, कुणाच्या हातानं झालं ते नाही.

"इथे हातच महत्त्वाचा," म्हणाल्या. वर कळवणार नाहीत, पण नऊ जणांनी दोन आठवड्यांत स्वतः पुन्हा लिहून द्यायचं. मग विचारलं, "मुलगी स्वतः का शिकत नाही?"

सांगितलं सगळं. बारावीचंही सांगितलं. ते सांगताना मान वर करता आली नाही.

त्या म्हणाल्या, इथे अठरा पूर्ण लागतात. फीमाफी टिकटवाल्यांनाच, मुलांना नाही. "ऑगस्टमध्ये अठरा होतील ना? तेव्हा या. मी फॉर्म काढून ठेवते."

परत येताना कृष्णपुऱ्याच्या पुलावर थांबलो बराच वेळ. एवढ्या वयात असं उभं करून विचारलं कुणी, त्याची लाज वाटत होती. आणि पोरीला 'ए' मिळाला त्याचा आनंदही होत होता. दोन्ही एकदम.

२६ एप्रिल

घरी सांगितलं. कौसल्या चिडली, "मी म्हणत होते, या वयात नको ते सोंग." संबोधीचं तोंड उतरलं. तिनं एकच विचारलं, "मग पुस्तकं परत द्यावी लागतील?"

आपली चूक झाली, बाबांची बदनामी झाली, असलं काही नाही. पुस्तकं जातील का, एवढंच.

तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं. ही पुस्तकं माझी नाहीतच. माझ्या टिकटावर आली, माझ्या नावानं आली, पण शिकतेय ती. मी पास झालो तर बीएचा गठ्ठा येईल. नापास झालो तर या घरात पुन्हा एक पुस्तक येणार नाही. तिच्या फीची सोय मी करू शकेन याचा मला भरवसा नाही. पास होणं मात्र माझ्या हातात आहे — हात असला आहे, तरी.

"नाही जाणार," म्हटलं. "तू मला शिकव."

२ मे, रविवार

शिकवते आहे. जॉबर परवडला! आमच्या खात्याचा मुकादम, कृष्णराव जॉबर, निदान चहाला सोडायचा.

शेकडेवारी डोक्यात जाईना. दोनदा, तीनदा. मी वही भिरकावली, म्हटलं मी काय पोर आहे? तिनं वही उचलली, चुरगळलेलं पान सरळ केलं. "बाबा, शंभर धाग्यांत किती तुटले ते रोज घरी येऊन आईला सांगायचात ना? तेच शेकडा."

तेच होतं. चोवीस वर्षं मी तोंडी शेकडेवारी करत होतो आणि मला कुणी सांगितलं नाही.

वही भिरकावली त्याचं वाईट वाटलं. तिला सांगितलं नाही. कौसल्येकडून निरोप दिला.

९ मे, रविवार

माझ्या हातानं लिहिलेली असाइनमेंट दिली. सात पानं. 'सी' मिळाला तरी चालेल, मॅडम.

१७ मे

'बी' मिळाला. संबोधी म्हणाली, "माझ्यापेक्षा एकानं कमी." कौसल्येनं शेव जास्त वाढली.

२९ मे

ऊन असं, की मार्केटात दुपारी कुणी गाठी उतरवत नाही. आम्ही हमाल सावलीत बसतो. मी खिशात एक पुस्तक ठेवतो. आधी सगळे चिडवायचे, "आओ प्रोफेसर साब." काल एक जण जवळ येऊन बसला आणि म्हणाला, जरा मोठ्यानं वाच.

मला वाचायला आवडायला लागलंय. कागदाला सांगायला हरकत नाही. घरात अजून बोललो नाही, संबोधीला वाटू दे बाबांनी नुसत्या हट्टानं केलं, तेच बरं.

१३ जून, रविवार

परीक्षा झाली.

संताजी अर्ध्या तासात कागद देऊन चहाला निघून गेला. मी शेवटपर्यंत बसलो. गणितात दोन सोडली. पण दुसऱ्या पेपरात प्रश्न होता — मोठे उद्योग बंद पडण्याची कारणे लिहा. पुस्तकातली चार कारणं लिहिली. मग हात थांबेना. नवीन मशीन का घेतली नाहीत, कापूस कुठून यायचा, पावरलूमवाल्याला स्वस्त का पडतं, आणि गेट बंद झाल्यावर लोक दोन-दोन महिने डबा घेऊन का जात होते. ते शेवटचं पुस्तकात नाही. वरून जास्तीचा कागद मागितला. मी! मास्तर बघत राहिला.

गेटवर संबोधी उभी होती. घामानं चिंब. घरून, छत्रीबागेतून, पायी आली होती. म्हणाली, "तिसऱ्या प्रश्नात काय आलं होतं?" सगळा पेपर तिला रस्ताभर सांगितला. ती प्रत्येक प्रश्नाचं उत्तर स्वतः देत होती, मग मी काय लिहिलं ते विचारत होती. तिची उत्तरं माझ्यापेक्षा चांगली होती. ती आत असायला हवी होती आणि मी बाहेर.

२२ ऑगस्ट, रविवार

पोरगी अठरा वर्षांची झाली. खीर केली.

मॅडमकडे गेलो नाही. कौसल्येला कारखान्यात दोन महिने पूर्ण काम नाही. फॉर्म पुढच्या महिन्यात भरू, असं मनाशी म्हटलं. मनाशी म्हटलं म्हणजे कुणाला उत्तर द्यायला नको.

३ सप्टेंबर

पास!

पोस्टकार्डावर नंबर आला. मी तीनदा वाचला, मग संबोधीकडे दिला, तिनं वाचला. ती माझ्या पाया पडली. मी म्हटलं अगं उलटं, आणि मी तिच्या पाया पडायला वाकलो तर ओरडली. कौसल्या हसता हसता रडायला लागली. एकवीस जणांपैकी सात पास.

बीएचा फॉर्म लगेच भरला. विषय तिनं निवडले — इतिहास, अर्थशास्त्र, हिंदी. सही मी केली. पुस्तकं जानेवारीत येतील.

मॅडम म्हणाल्या, "आणि संबोधीचा फॉर्म? माझ्या कपाटात आहे." म्हटलं, आणतो तिला. खरंच आणणार होतो.

१५ सप्टेंबर

संताजीनं स्थळ आणलं. भुसावळचं, आपल्यातलंच. मुलगा अश्वजित, रेल्वेत पक्की नोकरी. दहावी पास. देणंघेणं नाही, साधं लग्न. कौसल्या तीन दिवसांपासून दुसरं काही बोलत नाही. "पक्की नोकरी," म्हणते. "तुमचीही पक्कीच होती," असं मात्र म्हणत नाही, चांगली आहे म्हणून.

२६ सप्टेंबर, रविवार

आज बघायला आले. जे झालं ते लिहितो, लपवत नाही.

संताजी सकाळी आधी येऊन सांगून गेला, "नरेंद्र भिया, मुलीचा अभ्यासबिभ्यास काढू नको. मुलगा दहावी आहे. त्यांना वाटायचं, पोरगी डोक्यावर बसेल."

मुलाचे वडील समजूतदार वाटले. मुलगा गरीब, खाली बघून बोलणारा. त्याला नावं ठेवायला जागा नाही. फळीवरच्या पुस्तकांकडे बघून वडिलांनी विचारलं, "कोण वाचतं?"

मी म्हटलं, "मी. मी शिकतोय. मुक्त विद्यापीठात."

"या वयात?" सगळे हसले. कौतुकानंच हसले.

"आणि मुलगी?"

"मुलगी घरचं करते. शिवण येतं."

संबोधी पोह्यांच्या बश्या घेऊन दारात उभी होती. ऐकलं तिनं. बश्या ठेवल्या, सगळ्यांना नमस्कार केला, बसली. विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

लोक गेल्यावर मी म्हटलं, "तुला नको असेल तर नाही म्हणू."

ती म्हणाली, "तुम्ही सांगितलंच ना बाबा, कोण शिकतंय ते."

मिलमध्ये बदलीवाल्याला पक्कं कार्ड मिळायचं नाही, वर्षानुवर्षं उभा राहिला तरी. मी पाच वर्षं त्या रांगेत होतो, मला ठाऊक आहे ते कसं लागतं. आणि मी माझ्या पोरीला तसंच केलं, चार माणसांपुढे.

२७ सप्टेंबर

बाबासाहेबांच्या फोटोकडे आज बघवलं नाही.

३ ऑक्टोबर, रविवार

तिनं होकार दिला. स्वतः येऊन सांगितला. म्हणाली, "आई थकली आहे. मला दिसतं." मी म्हटलं, त्यांना मी विचारतो, पुढे शिकू देतील का. म्हणाली, "आता विचाराल तर खोटे पडाल."

कॉलेजकडे फिरकलो नाही. मॅडमना तोंड दाखवायची हिंमत नाही.

१२ डिसेंबर, रविवार

लग्न झालं. विहारातच, साधं. भंतेजींनी छान समजावलं. संबोधी पांढऱ्या साडीत फार मोठी दिसत होती.

निघताना तिनं एकच पुस्तक मागितलं. पहिल्या गठ्ठ्यातलं, उद्योगांचं. दिलं. गाडी हलली तेव्हा मी प्लॅटफॉर्मवर कौसल्येला धरून उभा होतो, का ती मला, ते सांगता येणार नाही.

१९ डिसेंबर

घरात फॉलची सुई सापडली. ठेवून दिली.

६ जानेवारी १९९४

बीएचा गठ्ठा आला. जाड आहे. वर माझं नाव. उघडला नाही.

८ जानेवारी

कौसल्या म्हणाली, "उघडा तरी." उघडला. अर्थशास्त्राचं पहिलं पुस्तक घेऊन बसलो. वाचता आलं. समजलं पण बरंचसं. म्हणून आणखी वाईट वाटलं. हे तिनं शिकवलं, आणि गठ्ठा आला तेव्हा तीच घरात नाही.

१३ जानेवारी

संबोधीचं पत्र. सगळं ठीक आहे म्हणते. सासूबाई जेवलीस का विचारतात, काम फार सांगत नाहीत. अश्वजित चांगले आहेत. मग लिहिते — 'पुस्तक सासूबाईंनी माळ्यावर ठेवलं. रागावून नाही. म्हणाल्या, तुझी काय परीक्षा आहे का आता? मी म्हटलं, नाही. शिकायचं विचारलं तर मामंजी म्हणाले, लग्नाच्या आधी का नाही बोलले तुझे बाबा? त्यांचं चूक नाही.'

शेवटी एक ओळ — 'बाबा, तुमचं पार्सल आलं का? अर्थशास्त्राच्या पहिल्या भागात काय काय आहे, तेवढं तरी कळवा.'

कौसल्येला पत्र वाचून दाखवलं, ही ओळ सोडून.

१६ जानेवारी, रविवार

चार महिन्यांनी मॅडमसमोर गेलो. सगळं सांगितलं, माझं खोटंही सांगितलं. त्यांनी कपाट उघडून फॉर्म काढला. पेन्सिलीनं नाव लिहून ठेवलेलं, कु. संबोधी नरेंद्र इंगळे. फॉर्म माझ्यापुढे ठेवला. रागावल्या असत्या तर मी ऐकून घेतलं असतं.

मी विचारलं, तिचा फॉर्म भुसावळहून भरता येईल का? म्हणाल्या, येईल, पण सासरचे नाही म्हणत असतील तर पार्सल तिच्या हातात पडणार नाही. मग विचारलं, माझं पार्सल दुसऱ्या गावी पाठवतात का? माझ्याच नावाचं? म्हणाल्या, विद्यार्थ्याला पत्ता बदलता येतो. तिथे राहायला जायचं कारण मात्र लिहून द्यावं लागतं.

१७ जानेवारी

व्याह्यांना पत्र टाकलं. खोटंच लिहिलं, डोळ्यांनी बारीक अक्षर दिसत नाही, माझी पुस्तकं तुमच्याकडे येतील, संबोधीनं वाचून मला पत्रानं शिकवावं, एवढी मेहेरबानी करा — बापाला नाही म्हणणार नाहीत. आलेला गठ्ठा पार्सल करून पाठवला. जूनमध्ये मी परीक्षेला बसेन, तिच्या पत्रांवर. पास व्हावंच लागेल, नाहीतर दुसऱ्या वर्षाचा गठ्ठा तिला मिळणार नाही.

मग कार्यालयात जाऊन पत्ता बदलायचा फॉर्म दिला. बाबूनं कारणाचा रकाना वाचला आणि मान वर केली. "लड़की के ससुराल में रहने जा रहे हो? हमेशा के लिए?" खिडकीजवळचे दोघं-तिघं वळून बघायला लागले. एक जण आमच्याच मिलचा होता.

म्हटलं, "हाँ." आणि सही केली.